४२९४९६७२९७ : मूळ संख्येसारखी वागणारी संयुक्त संख्या

प्रश्न असा आहे: ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या मूळ आहे का, नसेल तर तिचे विभाजक कोणते, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं आणखी काय आहे? जोडीला एक अडचणही मांडली आहे. २ हा पाया घेऊन संगणकावर मूळ संख्येची चाचणी केली, म्हणजे संख्येपेक्षा एकनं लहान घातांक घेऊन २ चा घात काढला आणि त्याला संख्येनं भागलं, तर तयार प्रोग्रॅममध्ये बाकी १ आली, म्हणजे संख्या मूळ असावी असं वाटलं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र बाकी ० आली. यातलं खरं काय धरायचं?

आधी थेट उत्तर. संख्या संयुक्त आहे: ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत. चाचणीत बाकी १ येते ते बरोबर आहे, पण त्यावरून संख्या मूळ ठरत नाही. बाकी ० तर येऊच शकत नाही. २ च्या कुठल्याही घाताला विषम संख्येनं निःशेष भाग कसा जाईल? तिथे प्रोग्रॅमच चुकला आहे, आणि तो कुठे चुकला हेही सांगता येतं. त्याकडे शेवटी येतो.

मोठी संख्या समोर आली की ती बनली कशी आहे, हे मी सगळ्यात आधी बघतो. नुसते अंक फार थोडं सांगतात. इथे एककस्थानी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११ आणि १३ साठी तीन वेगळे भागाकार करायला नकोत. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आलटून पालटून अधिक-वजा करायचे: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला या तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथे संपतात. पुढे १७, १९, २३ असं एकेका मूळ संख्येनं भागत निघालो तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, जायची तयारी ठेवावी लागते. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ ही त्यांतली ११६ वी, त्यामुळे शंभरेक भागाकारांत सुटका होते खरी. पण ते आधी कुणाला माहीत असतं?

आता हीच संख्या अशी लिहा: २^३२ + १, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. द्विमान पद्धतीत ती १, मग ३१ शून्यं, मग पुन्हा १ अशी दिसते. घातांक ३२ हा स्वतः २ चाच घात आहे, ही यातली महत्त्वाची गोष्ट. घातांकाला विषम अवयव असता तर संख्या लगेच फुटली असती. उदाहरणार्थ २^३३ + १ ला २^११ + १ नं भाग जातो. म्हणजे २ चा घात अधिक १ या साच्यातली संख्या मूळ असायची तर तिचा घातांक २ चा घात असायलाच हवा. अशा संख्या ओळीनं लिहिल्या तर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली संख्या येते. यांना फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून ही पाचवी फर्मा संख्या.

फ्रान्सचा पिएर द फर्मा यानं १६४० मध्ये पत्रातून लिहिलं की या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळ आहेत असं त्याला वाटतं. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्यानं मोकळेपणी कबूल केलं. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. १७२९ मध्ये ख्रिश्चन गोल्डबाखनं तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्रात हे विधान कळवून विचारणा केली, आणि १७३२ मध्ये ऑयलरनं ६४१ हा विभाजक काढून दाखवला. पुढे या साच्यातली एकही नवी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे ठाऊक आहे, तेहतिसावीचा निकाल लागलेला नाही. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव कुणाला माहीत नाही. अवयव न काढता एखादी संख्या संयुक्त कशी ठरवतात, असा प्रश्न इथे पडायला हवा. त्याचं उत्तर तुमच्या चाचणीतच आहे.

या ओळीची एक गंमत: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार करून बघा. उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोननं कमी. म्हणजे आधीच्या पाचांपैकी कुठल्याही संख्येनं हिला भागलं तर बाकी २ उरणार, आणि भागाकार न करताच त्या पाचही संख्या विभाजकांच्या यादीतून गेल्या. याच गुणाकाराला भूमितीतही स्थान आहे. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी जे विषम बाजूंचे सुसम बहुभुज काढता येतात, त्यांच्या बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. हे गाउसच्या कामातून पुढे आलं. सतरा बाजूंचा बहुभुज काढता येतो हे त्याला १७९६ मध्ये सापडलं होतं. म्हणून आजच्या माहितीनुसार अशा विषम बहुभुजांतला सगळ्यात मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. त्यात आणखी दोन बाजू मिळवल्या की आपली संख्या येते, आणि तिचे अवयव फर्मा संख्या नसल्यामुळे तेवढ्या बाजूंचा बहुभुज काढता येत नाही.

आता विभाजक शोधण्याकडे वळू. माझ्या मते या संख्येचा सगळ्यात देखणा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

समजा प या मूळ संख्येनं २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. म्हणजे २^३२ ला प नं भागलं की बाकी −१ (किंवा प − १, एकच गोष्ट). वर्ग केला की २^६४ ची बाकी १ होते. आता २, ४, ८, १६ असे २ चे घात घेत निघालो तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येईल? ज्या घाताला ती पहिल्यांदा येते, त्याच्या पटींनाच ती पुन्हा येते. म्हणून तो घातांक ६४ चा विभाजक असणार: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ६४ सोडले तर यातले सगळे ३२ चेही विभाजक आहेत. त्यांतला एखादा असता तर २^३२ ची बाकीही १ आली असती. ती तर −१ आहे. उरला ६४. दुसरीकडे, फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की विषम मूळ संख्या प साठी २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प − १ ला ६४ नं भाग गेलाच पाहिजे.

विभाजक शोधायचे तर फक्त ६४ च्या पटीत १ मिळवून आलेल्या मूळ संख्यांत शोधायचे: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा प्रयत्न लागू. ११६ भागाकारांवरून आपण पाचावर आलो, आणि तेही संख्येचे दहा अंक न बघता.

एवढ्यावर थांबायचं कारण नाही. १८७८ मध्ये एद्वार ल्युकानं दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतं. त्यामागचं कारण आपल्या संख्येवर आकड्यांनिशी तपासता येतं. १,६७,७६,९६० ही संख्या घ्या. ती २^२४ − २^८ आहे. तिचा वर्ग केला तर २^४८ − २^३३ + २^१६ मिळतं, आणि त्याला आपल्या संख्येनं भागलं तर भागाकार ६५,५३४ आणि बाकी नेमकी २. म्हणजे या संख्येच्या बाक्यांच्या जगात २ ला वर्गमूळ आहे! २ चे घात ६४ पावलांत १ वर येतात, तर त्या वर्गमुळाला दुप्पट पावलं लागणार, १२८. वरचाच युक्तिवाद पुन्हा लावला की प − १ ला १२८ नं भाग जायला हवा. आता यादी बघा: १२९ ला ३ नं भाग जातो, २५७ ही आधीची फर्मा संख्या म्हणून बाद, ३८५ ला ५ नं, ५१३ ला ३ नं भाग जातो, आणि पुढची ६४१. प्रत्यक्ष करावा लागलेला पहिलाच भागाकार लागू पडतो.

तोही न करता काम भागतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. दुसऱ्या रूपाला २^२८ नं गुणलं की ५^४ × २^२८ + २^३२ ला ६४१ नं भाग जातो. पहिल्या रूपासाठी ५ × २^७ म्हणजे ६४० ला य म्हणा. य^४ − १ ला य + १ नं नेहमीच भाग जातो, म्हणून ५^४ × २^२८ − १ लाही ६४१ नं भाग जातो. या दोन राशींची वजाबाकी करा. ५^४ × २^२८ उडून जातं आणि उरतं २^३२ + १. दोन ओळींत काम झालं. मात्र हा पुरावा ६४१ चं नाव कळल्यानंतरचा आहे. विभाजक शोधून देण्याचं काम ६४ च्या पटींचा युक्तिवादच करतो, म्हणून शिकायचा तर तो आधी शिकावा.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का, हा प्रश्न बरेच जण विसरतात. इथेही तीच युक्ती कामी येते, कारण त्याचे मूळ अवयव हे शेवटी २^३२ + १ चेच अवयव. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या वीस, आणि त्यांत मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद आहेच. उरलेल्या चारांनी भागलं तर बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली. ६४१ मूळ आहे हे पडताळायला तर २३ पर्यंतच्या मूळ संख्याच पुरतात.

अमेरिकेतला झेरा कोलबर्न हा मुलगा तोंडी हिशेबांसाठी प्रसिद्ध होता. १८१२ च्या सुमारास, आठेक वर्षांचा असताना, लंडनमध्ये त्यानं याच संख्येचे अवयव तोंडी सांगितल्याची नोंद आहे. कसे काढले ते त्यालाही नीट सांगता आलं नाही म्हणतात.

अवयव हाती आले की बाकीचे गुणधर्म भराभर निघतात. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. सगळ्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला सोडून उरलेल्या तीन विभाजकांची बेरीज फक्त ६७,०१,०५९, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण संख्येच्या (जिच्यात ही बेरीज संख्येइतकीच येते) आसपासही नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. मूळ संख्या असती तर हा आकडा तिच्यापेक्षा फक्त एकनं कमी असता. इथे तो जेमतेम ६७ लाखांनी कमी आहे. ज्याला लहान अवयव शोधता येत नाही, त्याला ती मूळ संख्येइतकीच दुर्भेद्य वाटते ती यामुळे.

दोन वर्गांच्या बेरजेची बाब मात्र भराभर सोडून देण्यासारखी नाही. २^३२ + १ हे उघडच ६५,५३६² + १² आहे. ४ नं भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच तऱ्हेनं मांडता येते. आपली संख्या दोन तऱ्हांनी मांडता येते, आणि ती दुसरी तऱ्हा अवयवांतून अशी निघते. ६४१ = २५² + ४², आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. ब्रह्मगुप्ताच्या नावानं ओळखली जाणारी नित्यसमानता हेच सांगते. हिशेब करा: २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. मग २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. म्हणून

४,२९,४९,६७,२९७ = ६५,५३६² + १² = ६२,२६४² + २०,४४९².

१०,२२५ आणि १०,२२४ असे शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि त्यातून तो '+ १' बाहेर पडतो, हे मला अजूनही बघायला आवडतं. शिवाय २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. त्यात काही खोल अर्थ आहे असं मी म्हणणार नाही, पण कागदावर दिसला की छान वाटतं.

हा रस्ता उलटाही चालतो. समजा कुणी तुम्हाला फक्त वरच्या दोन बेरजा दिल्या, अवयव दिले नाहीत. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८; यांचा मसावि ८, त्याचा निम्मा ४. मग ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५०; यांचा मसावि ५०, निम्मा २५. आता ४² + २५² = ६४१. दोन मसाविंमध्ये अवयव हातात. ही पद्धतही ऑयलरनं वापरलेली. अर्थात दुसरी बेरीज हुडकणं हेच इथे अवघड काम आहे, त्यामुळे ६४ च्या पटींसमोर ती टिकत नाही.

वर्गांच्या वजाबाकीची फर्माची स्वतःची पद्धत तर इथे पार हात टेकते. त्या पद्धतीत वर्गमुळाच्या लगेच वरच्या संख्येपासून, इथे ६५,५३७ पासून, एकेक पाऊल चढत जायचं आणि वर्गातून आपली संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरतो का ते बघायचं. आपली संख्या ३३,५०,५२९² − ३३,४९,८८८² आहे. म्हणजे तिथे पोचायला जवळजवळ ३३ लाख पावलं. दोन अवयव आकारानं एकमेकांजवळ असतील तरच ती पद्धत हाती घ्यावी.

मग फर्माला हा विभाजक दिसला कसा नाही? खरं तर त्याच वर्षी, १६४० मध्ये, २^३७ − १ ला २२३ नं भाग जातो हे त्यानं काढलं होतं, आणि तेही अशाच युक्तीनं: विभाजक ७४ च्या पटीत १ मिळवून यायला हवा, आणि २२३ = ३ × ७४ + १. साधन त्याच्या हातात होतं. इथे ते चालवताना भागाकारात काही चुकलं, की चालवलंच नाही, यावर बरेच तर्क होतात. मला त्यात फारसा रस नाही.

आता तुमची चाचणी. फर्माच्या छोट्या सिद्धांतावरून असं म्हणतात: तपासायच्या विषम संख्येला ‘न’ म्हटलं, तर ती मूळ असल्यास २^(न−१) ला न नं भागल्यावर बाकी १ येते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. उलट दिशेनं मात्र हमी नाही, आणि आपली संख्या हे त्याचं नमुनेदार उदाहरण आहे. इथे न − १ = २^३२. आणि २^६४ ची बाकी १ आहे हे आपण वर पाहिलंच. २^३२ हा ६४ च्या पटीत आहे, म्हणून २^(न−१) ची बाकीही १. हिशेब अगदी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. अशा संख्यांना २ या पायाच्या छद्ममूळ संख्या म्हणतात. हाच युक्तिवाद पुढच्या प्रत्येक फर्मा संख्येला लागू होतो; संयुक्त असोत की मूळ, २ हा पाया घेतला तर सगळ्या पास होतात. अधिक कडक मिलर–राबिन चाचणीतही २ च्या पायावर ही संख्या निसटते, कारण वर्ग करत जाताना १ येण्याच्या ऐन आधी −१ येतो आणि ती चाचणी तेवढंच बघते. २ च्या घाताजवळची संख्या तपासायला पाया २ घेणं म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावणं.

पाया ३ घ्या, लगेच उलगडा होतो. ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी न नं भागून बाकी ठेवायची. पेपँ यानं १८७७ मध्ये दाखवलं की फर्मा संख्या (पहिली संख्या, म्हणजे ३, सोडून) मूळ असेल तर आणि तरच या टप्प्यावर बाकी −१ येते. आपल्या संख्येसाठी ती १,०३,२४,३०३ येते. आणखी एकदा वर्ग केला की ३^(न−१) ची बाकी ३,०२,९०,२६,१६०. ती १ नाही. संख्या संयुक्त, आणि हे ठरवताना एकही अवयव लागला नाही. वर विसाव्या आणि चोविसाव्या फर्मा संख्येबद्दल म्हटलं ते याच पद्धतीनं कळलं आहे, फक्त वर्ग करायच्या संख्या लाखो अंकी. सर्वसाधारण कामासाठी मी २, ३, ५, ७, ११ हे पाचही पाये घेऊन मिलर–राबिन चालवतो. २ लाख १५ हजार कोटींपर्यंतच्या संख्यांसाठी हे पाच पाये मिळून पक्का निकाल देतात, अंदाज नाही.

आणि तुमचं शून्य. तुम्ही ऋण संख्या नसलेले ६४ बिटांचे पूर्णांक वापरले असणार. त्यांत ० ते २^६४ − १ एवढंच मावतं. पुढे गेलं की २^६४ वजा होऊन उरेल तेवढं राहतं. पाया २ घेऊन वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६. शेवटची बाकी न पेक्षा एकनं लहान आहे, म्हणून ती तशीच राहते. तिचा वर्ग किती? नेमका २^६४. डब्यात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा बरोबर एक जास्त. तो शून्य होऊन बसतो, आणि शून्याचे वर्ग पुढे शून्यच. प्रोग्रॅम 'संयुक्त' म्हणतो ते योगायोगानं बरोबर आहे. ६५,५३७ ही मूळ फर्मा संख्या ३२ बिटांच्या पूर्णांकांत याच पद्धतीनं तपासली असती तर तीही त्यानं संयुक्तच ठरवली असती.

यात फसवं असं की न − १ सोडून बाकी कुठल्याही शेषाचा वर्ग २^६४ च्या आतच राहतो. त्यामुळे हाच सदोष प्रोग्रॅम पाया ३ साठी अचूक उत्तर देतो, कारण त्या ओळीत न − १ कधी येतच नाही, आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. ३२ बिटांच्या चलात ही संख्या ठेवलीत तर गोष्ट आणखी आधी बिघडते. तिथे ती चक्क १ होते. ऋण संख्याही मावणारे ६४ बिटांचे पूर्णांक घेतले तर मर्यादा निम्मी होते आणि पाया ३ चाही हिशेब विस्कटतो.

दुरुस्ती सोपी आहे. बाकी न − १ आली की वर्ग न करता थेट १ लिहा, किंवा गुणाकार १२८ बिटांत करून मग भागा. ज्या भाषेत पूर्णांकांना आकाराची मर्यादाच नाही, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. तयार प्रोग्रॅमला १ मिळाला तो अशाच कुठल्या तरी सोयीमुळे. दुरुस्तीनंतर पाया २ ला १ येतो का बघा, आणि पाया ३ ला ३१ वर्गांनंतर १,०३,२४,३०३ व ३२ वर्गांनंतर ३,०२,९०,२६,१६० येतात का ते पडताळा. तिन्ही आकडे जुळले की हाच प्रोग्रॅम आणखी मोठ्या संख्यांवर चालवायला हरकत नाही, फक्त तिथे गुणाकार १२८ बिटांतच ठेवा.